पद कुणी दिलं, कुणी काढून घेतलं: चेस्टर बोल्स यांच्यावरचं व्याख्यान कसं बसवावं

आमच्या बडोद्यात दांडिया बाजारातल्या अभ्यासमंडळात दर महिन्याला कुणीतरी एक चरित्र मांडतं. वक्त्याला चाळीस मिनिटं, मग प्रश्न. श्रोते म्हणजे निवृत्त बँकवाले, रिफायनरीतून रिटायर झालेले दोन काका, युनिव्हर्सिटीतली चार-सहा मुलं आणि न चुकता पहिल्या रांगेत बसणाऱ्या आमच्या मावश्या. मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत असे, म्हणून नव्या वक्त्यांची तयारी करून घ्यायचं काम माझ्याकडे आलं. या खेपेला एका मुलाने चेस्टर बोल्स हा विषय घेतला: जाहिरातीचा धंदा केलेला माणूस, पुढे अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्याचा गव्हर्नर, आणि दोनदा भारतातला अमेरिकेचा राजदूत. त्याच्याबरोबर बसून जे ठरवलं ते इथे लिहिते आहे. असा अनेक पदांवरून गेलेला माणूस कुणालाही मांडायचा असेल तर उपयोगी पडेल.

आधी एक तक्ता करा. पहिला रकाना सगळे लिहितात तो: साल आणि पद. त्याच्यापुढे आणखी दोन रकाने आखा. हे पद कुणी दिलं? आणि ते कुणी काढून घेतलं, की माणसाने आपण होऊन सोडलं? माझ्या मते व्याख्यानाचा सगळा जीव या दोन रकान्यांत असतो. नुसती पदं वाचली की प्रत्येक माणूस जिना चढल्यासारखा वर वर जाताना दिसतो आणि श्रोता मान डोलावून घरी जातो. बोल्स यांचा तक्ता भरून बघा. धंदा त्यांनी स्वतः उभा केला आणि स्वतः सोडला. गव्हर्नरपद मतदारांनी दिलं आणि दोन वर्षांत मतदारांनीच घेतलं. दिल्लीचं पहिलं पद राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी दिलं, ते आयझेनहॉवर निवडून आल्यावर गेलं. परराष्ट्र खात्यातलं दुसऱ्या क्रमांकाचं पद केनेडींनी दिलं आणि वर्ष संपायच्या आत केनेडींनीच काढलं. दिल्लीचं दुसरं पदही केनेडींचंच, ते निक्सन आल्यावर संपलं. या तक्त्यातून जो माणूस दिसतो तो चढतो, पडतो, आणि पडल्यावर पुन्हा तेच बोलतो जे बोलल्यामुळे पडला होता. मांडायचा तो हा माणूस.

सुरुवात कुठून करावी

जन्मापासून नको. ५ एप्रिल १९०१, स्प्रिंगफील्ड, मॅसॅच्युसेट्स, आजोबा सॅम्युएल बोल्स हे तिथल्या नामांकित वर्तमानपत्राचे संपादक, १९२४ साली येल विद्यापीठाची पदवी: हे एका श्वासात सांगून टाका. येल न्यू हेवन गावात आहे, एवढं मात्र बडोद्यात जरूर सांगा. १९१० साली सयाजीराव महाराजांनी राज्यभर वाचनालयं उभी करायला ज्या विल्यम बॉर्डन यांना अमेरिकेहून आणलं, ते न्यू हेवनचेच ग्रंथपाल. मांडवीची सेंट्रल लायब्ररी आपल्या सगळ्यांच्या पायाखालची, त्यामुळे श्रोते सावरून बसतात. पण इथे रेंगाळू नका. बॉर्डन आणि बोल्स यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. तो जोडायचा मोह आवरा.

खरी सुरुवात जुलै १९२९. न्यूयॉर्कच्या एका जाहिरात कंपनीत मजकूर लिहिणारे बोल्स आणि त्यांचे मित्र विल्यम बेंटन यांनी स्वतःची 'बेंटन अँड बोल्स' ही कंपनी काढली. तीन महिन्यांनी शेअर बाजार कोसळला. मंदीत मोठमोठ्या पेढ्या बसल्या आणि ही नवी कंपनी वाढली. का वाढली हे सांगायला हवं, कारण पुढच्या सगळ्या गोष्टींची चावी इथे आहे. गिऱ्हाईक काय म्हणतं ते आधी विचारायचं, मग जाहिरात लिहायची, ही त्यांची रीत. आणि रेडिओ. त्या काळी रेडिओचे मोठे कार्यक्रम जाहिरात कंपन्याच तयार करत, आणि मॅक्सवेल हाउस कॉफीचा त्यांनी चालवलेला संगीताचा कार्यक्रम तुफान लोकप्रिय झाला. साध्या माणसाच्या घरात जाऊन, त्याच्या भाषेत, एक गोष्ट पटवून देणं ही बोल्स यांची कमाई. पैसा झाला तो वेगळा. १९४१ साली चाळिशीत त्यांनी हा धंदा सोडला.

इथे वक्ते हमखास म्हणतात की 'धंद्यात मन रमेना म्हणून समाजसेवेकडे वळले'. असं म्हणू नका. मन रमलं की नाही हे आपण कसं सांगणार? पुढे काय केलं ते सांगा, श्रोते ठरवतील.

पुढे त्यांनी रेशनिंग केलं. १९४२ मध्ये कनेक्टिकट राज्याचं, आणि १९४३ पासून सगळ्या देशाच्या किंमत-नियंत्रण खात्याचे प्रमुख. युद्ध चालू, साखर, मांस, पेट्रोल सगळं कूपनांवर, घरभाड्यावरही मर्यादा. ज्या माणसाने आयुष्यभर 'आणखी घ्या' असं सांगितलं, त्याला आता 'कमी घ्या' असं सांगायचं होतं. ते त्यांनी रेडिओवरूनच सांगितलं. व्यापारी मंडळी चिडली आणि ती चीड पुढे बोल्स यांच्या प्रत्येक निवडणुकीत आणि नेमणुकीत उभी राहिली. आपल्याकडे रेशनचं दुकान, कार्ड, ओळ हे सगळ्यांनी पाहिलेलं आहे, तेव्हा या भागाला समजावून सांगावं लागत नाही. सहा-सात मिनिटं द्या. अर्थशास्त्रवाली म्हणून माझा जीव इथे अडकतो हे खरं, पण व्याख्यानालाही ते मानवतं.

गव्हर्नर म्हणजे कोण, हे आधी स्पष्ट करा

आपल्या श्रोत्याच्या डोळ्यांपुढे राजभवन येतं: दिल्लीहून नेमलेली वयस्क व्यक्ती, शपथविधी, समारंभ. अमेरिकेतला गव्हर्नर लोक थेट निवडून देतात. राज्याचं अंदाजपत्रक, कर, खाती, राज्याचं नॅशनल गार्ड म्हणजे राखीव सैन्य, हे त्याच्या हाताखाली. आपल्या मुख्यमंत्र्याच्या जवळ जाणारं हे पद आहे. हे पहिल्या मिनिटात सांगितलं नाही तर शेवटी कुणीतरी विचारतं, 'राज्यपालाला हरवलं म्हणजे काय?'

१९४८ साली बोल्स गव्हर्नर म्हणून जेमतेम निवडून आले. राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत ट्रुमन यांना त्याच कनेक्टिकटने त्याच दिवशी नाकारलं होतं. म्हणजे पक्षाची लाट नव्हती, मतं माणसाला पडली. मग कारभार. घरबांधणीचा मोठा कार्यक्रम, राज्याच्या नॅशनल गार्डमधला काळ्या-गोऱ्यांचा भेद बंद, शाळांसाठी पैसा. शासनयंत्रणेची नव्याने मांडणी करायचा बेतही त्यांनी आणला, तो अडला. विधिमंडळाच्या खालच्या सभागृहात प्रत्येक लहान गावाला प्रतिनिधी, त्यामुळे तिथे विरोधकांचं बहुमत जवळजवळ कायमचंच. जाहिरातीत गिऱ्हाईक पटलं की काम होतं. इथे लोकांना पटूनही काम होत नव्हतं, कारण मध्ये सभागृह होतं. या माणसाच्या ताकदीची मर्यादा पहिल्यांदा इथे दिसते.

आता अवघड भाग. डिसेंबर १९४९ मध्ये सिनेटमधली, म्हणजे अमेरिकी संसदेच्या वरच्या सभागृहातली, कनेक्टिकटची एक जागा रिकामी झाली. ती भरण्याचा अधिकार तेव्हा गव्हर्नरचा. बोल्स यांनी नेमलं कुणाला? आपले जुने भागीदार विल्यम बेंटन यांना.

हे लपवू नका. आमच्या या वक्त्याने आधीच्या मसुद्यात हे वाक्य गाळलं होतं, म्हणाला, 'मावशी, इमेज खराब होईल.' मी त्याला सांगितलं, दोन्ही बाजू ठेव आणि पुढे जा. एक बाजू: धंद्यातला मित्र, म्हणून लोक बोलले आणि बोलणारच. दुसरी बाजू: बेंटन मधल्या काळात शिकागो विद्यापीठाचे उपाध्यक्ष होते, परराष्ट्र खात्यात सहायक मंत्री होते. आणि सिनेटमध्ये गेल्यावर १९५१ साली, दिसेल त्याला कम्युनिस्ट ठरवत सुटलेले सिनेटर जोसेफ मॅकार्थी यांना सभागृहातून काढा असा ठराव त्यांनी मांडला, ज्या काळात मॅकार्थींचं नाव घ्यायला भलेभले कचरत होते. पुढच्या वर्षी बेंटन निवडणूक हरले. नेमणूक मैत्रीतून झाली आणि नेमलेला माणूस ताठ निघाला, ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असू शकतात. चरित्र मांडणाऱ्याने दोन्ही म्हणायची हिंमत ठेवावी.

१९५० साली बोल्स हरले. जिंकले जॉन लॉज, पूर्वीचे सिनेनट, आणि तेही पुढे स्पेनमध्ये राजदूत झाले. वेळ असेल तर सांगा, नसेल तर सोडा.

दिल्ली, पहिली खेप

पराभूत गव्हर्नराला राष्ट्राध्यक्ष काहीतरी देतात, ही तिकडची जुनी चाल. बोल्स यांनी भारत मागितला. युरोपातली एखादी सुखाची राजधानी सोडून हे मागणं लोकांना विचित्र वाटलं, आणि सिनेटमध्ये त्यांच्या नावाला विरोधही झाला. ऑक्टोबर १९५१ मध्ये ते दिल्लीला आले. मोठं निवासस्थान सोडून लहान बंगल्यात राहिले, मुलांना हिंदुस्थानी शाळेत घातलं, मुलं सायकलवरून शाळेत जात. हे सांगताना 'साधेपणा' हा शब्द वापरलात तर गोष्ट बसते खाली. सायकल सांगा आणि थांबा.

५ जानेवारी १९५२ रोजी नेहरू आणि बोल्स यांनी तांत्रिक सहकार्याच्या करारावर सह्या केल्या. पाच कोटी डॉलर. त्या पैशाचा मोठा भाग सामूहिक विकास योजनेकडे गेला: २ ऑक्टोबर १९५२ ला एकदम ५५ प्रकल्प सुरू झाले, प्रत्येकात सुमारे ३०० गावं. ग्रामसेवक, विहिरी, बियाणं, खत, शाळा, दवाखाना, सगळं एका छताखाली. कारभार एस. के. डे यांच्याकडे.

इथे बडोद्याच्या वक्त्याने एक काम करायलाच हवं. अमेरिकी पुस्तकं वाचून आलेला माणूस ही कल्पना बोल्स यांच्या खात्यावर टाकतो. तिच्यामागे उत्तर प्रदेशातला इटावा प्रकल्प होता, १९४८ सालचा, अल्बर्ट मेयर यांनी उभा केलेला. त्याच्याही आधी १९३२ साली आपल्या बडोदे संस्थानात कोसंब्याला ग्रामसुधारणेचं केंद्र सुरू झालं होतं. ते सुरू करणारे दिवाण व्ही. टी. कृष्णम्माचारी पुढे नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष झाले आणि ही देशव्यापी योजना त्यांच्या काळात वाढली. बोल्स यांनी काय केलं? पैसा आणला, वॉशिंग्टनला पटवलं, आणि घाई केली. ही घाई योजनेला मानवली का, हा वादाचा विषय आहे: गावात आधीच ज्याच्याकडे जमीन आणि विहीर होती त्याच्यापर्यंत खत-बियाणं आधी पोचलं, भूमिहीनाच्या दारी फार थोडं गेलं. बोल्स स्वतः जमीन सुधारणांचा आग्रह धरत होते, पण परक्या देशाचा राजदूत जमिनीचे कायदे करून देऊ शकत नाही. हा भाग मन लावून बोला. आपल्या श्रोत्यांत कुणाची ना कुणाची जमीन कुळकायद्यात गेलेली असते, कुणाला मिळालेली असते, आणि खोलीत एकदम जिवंतपणा येतो.

मार्च १९५३ मध्ये ते परतले. पुढच्या वर्षी अमेरिकेने पाकिस्तानला शस्त्रं द्यायचा करार केला. बोल्स पद नसतानाही त्याविरुद्ध लिहीत-बोलत राहिले.

पडण्याचं वर्ष

१९५९ ते १९६१ ते काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, होते, एका वाक्यात उरका. १९६१ ला मात्र थांबा. केनेडींनी त्यांना परराष्ट्र उपमंत्री केलं. मार्चअखेर बोल्स यांनी आपले वरिष्ठ, परराष्ट्रमंत्री डीन रस्क यांना लेखी कळवलं की क्यूबावर छुपी स्वारी करणं चूक आहे. एप्रिलमध्ये क्यूबाच्या किनाऱ्यावर बे ऑफ पिग्जला ती स्वारी झाली आणि पार फसली. बोल्स यांचा विरोध होता ही बातमी मग बाहेर फुटली, आणि केनेडींच्या गोटात राग धरला गेला तो याचाच. नोव्हेंबरअखेर त्यांना त्या पदावरून हलवलं. बरोबर ठरलेल्या माणसाला बरोबर ठरल्याबद्दल कुणी बक्षीस देत नाही. तरी पूर्ण न्याय करायचा तर हेही सांगा की मोठं खातं रोजच्या रोज हाकण्यात ते कमी पडतात, लांबलचक टिपणं पाठवतात, ही तक्रार त्यांच्या मित्रांचीही होती.

दिल्ली, दुसरी खेप: काय निवडावं

१९६३ ते १९६९. इतकं घडलं की सगळं सांगायला गेलात तर वेळ संपेल. मी तीन गोष्टी ठेवते.

पहिली बोकारो. पोलाद कारखान्याला अमेरिकेने पैसा द्यावा असं केनेडींना वाटत होतं, पण सरकारी मालकीच्या कारखान्याला त्यांची काँग्रेस तयार नव्हती. ऑगस्ट १९६३ मध्ये भारताने मागणी मागे घेतली आणि काम रशियाकडे गेलं. आपल्याकडे त्याच सुमाराला कोयलीची रिफायनरी रशियाच्या मदतीने उभी राहिली. आमच्या रिफायनरीवाल्या काकांना या ठिकाणी दोन मिनिटं बोलू द्यायचं असं मी आधीच ठरवून ठेवते. नाहीतर ते बोलतातच.

दुसरी गोष्ट शस्त्रांची. मे १९६४ मध्ये संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण लष्करी मदतीच्या बोलण्यांसाठी अमेरिकेत होते, आणि भारताला मदत मिळावी म्हणून बोल्स जोर लावत होते. २७ मे रोजी नेहरू गेले. यशवंतराव परतले. हवी होती ती स्वनातीत, म्हणजे आवाजाहून वेगवान, विमानं अमेरिकेने दिली नाहीत. त्याच वर्षी यशवंतराव मॉस्कोला गेले आणि रशियाच्या मिग विमानांचा मार्ग पक्का झाला. बोल्स यांना जी भीती होती ती खरी ठरली, आणि पुन्हा एकदा खरं ठरूनही हातात काही आलं नाही.

तिसरी, सगळ्यात महत्त्वाची, गहू. १९६५ आणि १९६६ असे लागोपाठ दुष्काळ. १९६६ मध्ये भारताने सुमारे एक कोटी टन धान्य बाहेरून आणलं, बहुतेक अमेरिकेचं. ज्यांचे नातेवाईक महाराष्ट्रात आहेत त्यांना रेशनवरची लाल मिलो ज्वारी आठवेल. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन गव्हाची परवानगी थोडी थोडी, मुठीत धरून देत. शेतीधोरण बदला हा एक हेतू, आणि व्हिएतनामवर भारताने केलेली टीका त्यांना झोंबत होती हेही. शेतीकडे लक्ष द्या हे बोल्स यांनाही पटत होतं. पण भुकेल्या देशाला जहाजांसाठी ताटकळत ठेवणं त्यांना मान्य नव्हतं आणि ते तारांमागून तारा पाठवत राहिले. इकडे कृषिमंत्री सी. सुब्रह्मण्यम यांनी मेक्सिकन गव्हाचं १८,००० टन बियाणं आणवलं होतं. हा भाग सांगताना फळ्यावर दोन आकडे लिहा, एक कोटी आणि १८,०००. पहिलं खायचं धान्य, दुसरं पेरायचं. दहा मिनिटं बोलण्यापेक्षा हे दोन आकडे जास्त सांगतात.

स्टालिनच्या मुलीची गोष्ट कुणीतरी विचारतंच, म्हणून तयार ठेवा. स्वेतलाना आपले सोबती ब्रजेश सिंह यांच्या अस्थी घेऊन भारतात आली होती. ६ मार्च १९६७ च्या संध्याकाळी ती एक सूटकेस घेऊन अमेरिकी वकिलातीत शिरली. बोल्स यांनी वॉशिंग्टनला तार केली: ठरलेल्या वेळेत तुमचं काही आलं नाही तर मी माझ्या जबाबदारीवर व्हिसा देतो. उत्तर आलं नाही. त्यांनी व्हिसा दिला आणि त्याच रात्री ती रोमच्या विमानात बसली. गोष्ट इतकी चटकदार आहे की ती आधी सांगितली तर गहू कुणाच्याच लक्षात राहत नाही. प्रश्नोत्तरांसाठी राखा.

या खेपेत त्यांना पार्किन्सनच्या आजाराने गाठलं होतं. हात थरथरायचे, चेहरा हळूहळू गोठत गेला. हे एकाच वाक्यात, आवाज न बदलता सांगा. १९८६ साली ते गेले.

प्रश्न येतील ते

'धंदेवाला होता म्हणून यशस्वी झाला का?' हा येणारच, आपल्या गुजरातेत तर नक्की. तक्त्यावर बोट ठेवून उत्तर द्या. लोकांशी थेट बोलायचं होतं तिथे, म्हणजे रेशनिंगमध्ये, निवडणुकीत, दिल्लीत, धंद्यातलं कसब कामी आलं. बंद खोलीत पाच-सहा जणांना वळवायचं होतं तिथे ते कमी पडलं.

'भारताचा इतका पुळका का?' यावर भावुक होऊ नका. ते अमेरिकेचे नोकर होते आणि आशियात लोकशाही टिकली तर त्यात अमेरिकेचं हित आहे हे त्यांनी कधी लपवलं नाही. त्यात त्यांना इथली माणसं आवडली हेही खरं.

हीच पद्धत दुसऱ्या कुणावर वापरायची असेल तर अव्हेरेल हॅरिमन घ्या. रेल्वे आणि बँकेचे धनी, १९४३ ते १९४६ मॉस्कोत राजदूत, आणि त्यानंतर १९५५ ते १९५८ न्यूयॉर्कचे गव्हर्नर. त्यांच्यात क्रम उलटा आहे: आधी राजदूत, मग मतदारांच्या दारी. जॉन हंट्समन घेतलेत तर युटाचं गव्हर्नरपद २००९ मध्ये त्यांनी स्वतः सोडलं आणि विरोधी पक्षाच्या राष्ट्राध्यक्षाने दिलेलं बीजिंगचं राजदूतपद घेतलं. 'कुणी दिलं' या रकान्यात ओबामांचं नाव लिहिताना पेन थोडं थांबवा आणि तिथूनच व्याख्यान सुरू करा.